राजापूरचं जुनं घर आणि ऋतूप्रमाणे बदलणारी मांडणी: माझा अनुभव

सासरचं घर राजापूर तालुक्यात आहे. जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, पुढे खळं (म्हणजे अंगण), मग पडवी, ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि अगदी पाठीमागे न्हाणी. सासरे गेल्यावर ते गणपती आणि मे महिना सोडला तर बंदच असायचं. ऑफिसने घरून काम करायला दिलं तेव्हापासून मी वर्षातले बरेच महिने तिथेच असते, सासूबाईपण सोबत असतात (आम्ही त्यांना आई म्हणतो), आणि माळ्यावरच्या जुन्या वस्तू काढून घर ऋतूप्रमाणे मांडायचं हे खूळ माझं. मैत्रिणी फोटो बघून विचारत असतात कसं केलंस, कुठून आणलंस, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी माळ्यावर काय निघालं ते सांगते. तांब्याचं घंगाळ आणि बंब, पितळी समया, एक लामणदिवा ज्याची साखळी अर्धीच उरलीय, धान्य मोजायची मापं, फणसाच्या लाकडाचे पाट, चिनी मातीच्या बरण्या, पानाचा डबा, अडकित्ता, ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील आणि मोडक्या फ्रेममधली रविवर्म्याच्या लक्ष्मीची तसबीर. पितळ मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच कमी निघालं. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं मोठे हंडे, कळश्या सगळ्या मोडीत घालून आमच्या सासूबाईंनी स्टील घेतलं, तेव्हा सगळा गावच घेत होता." मला ऐकून हळहळ वाटते खरी, पण विहिरीवरून भरलेला पितळी हंडा डोक्यावर घेऊन मी कधी चालले नाहीये आणि कल्हईवाल्याची वाटही बघितली नाहीये, त्यामुळे मी त्यावर बोलत नाही.

माळ्यावर कौलांचाही ढीग होता आणि त्यावर इंग्रजीत बासेल मिशन, १८६५ असं उठवलेलं. झालं, नवरा सगळ्यांना सांगत सुटला की आमचं घर १८६५ चं! ते साल बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला त्याचं आहे, पुढे कितीतरी वर्षं तेच साल कौलांवर उठत राहिलं. जुन्या वस्तू विकणारे पण हीच गंमत करतात, वस्तूवर साल दिसलं की भाव वर. मुंबईला चोरबाजारात मटण स्ट्रीटवर आणि पुण्याच्या जुन्या बाजारात मी बऱ्यापैकी फिरलेय आणि माझं मत विचाराल तर तिथे मोठ्या वस्तू घेऊ नका, कड्या, बिजागऱ्या, खुंट्या, दिव्याची सुटी पात्रं, काचा असलं सामान घ्या, जे घरातल्या अर्धवट वस्तू पुऱ्या करायला लागतं. आमच्या झोपाळ्याच्या पितळी कड्या अशाच मिळाल्या. आणि जुनी देवाची मूर्ती कुणी विकायला दाखवली तर सरळ पुढे चालायला लागा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे १०० वर्षांपेक्षा जुनी मूर्ती म्हणजे पुरावस्तू, तिची सरकारकडे नोंदणी लागते, आणि ती कुठल्या देवळातून आलीय हे विकणारा सांगणार थोडंच आहे. हस्तलिखित पोथ्यांना तर ७५ वर्षांचीच मर्यादा आहे. आमच्याकडे ज्या पोथ्या आहेत त्या लाल फडक्यात बांधून देवघराच्या फडताळात आहेत, त्या मी मांडणीत घेतच नाही.

आता खरं काम. आमच्याकडे वर्ष सुरू होतं मे संपता संपता, म्हणजे पावसाच्या तयारीला लागलो की. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. खळ्यातला मांडव उतरतो, पडवीला बाहेरून माडाच्या झावळ्यांचे झाप लागतात, ओटीवर एकदम अंधार होतो, आणि त्या अंधारात आणि दमटपणात जे टिकेल तेच बाहेर ठेवायचं. घराची देखरेख करणारा दादा पहिल्याच वर्षी म्हणाला होता, "वैनी, पश्चिमेच्या भिंतीला काय लावू नका, ती पाजरते." जांभा पाणी पितो, चुन्याचा गिलावा फुगतो, आणि त्या भिंतीवर टांगलेल्या कुठल्याही फ्रेमच्या मागे आठवड्याभरात बुरशी येते. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात फक्त खुंट्या असतात आणि खुंट्यांवर घोंगडी, कोयती अडकवायची लाकडी आकडी आणि इरलं. इरलं म्हणजे बांबूच्या सांगाड्यात पानं घालून केलेलं, लावणी करताना वाकलं की पाठ झाकणारं. आमच्या वाडीत आता लावणीला सगळे प्लास्टिकच घेतात. आमचं इरलं शेजारच्या आजींनी दिलेलं, अँटिक वगैरे काही नाही, पण पावसाळ्यात त्या भिंतीला त्याच्याइतकं काही शोभत नाही, ते ओलं झालं तरी त्याचं काही बिघडत नाही हे मुख्य.

तसबिरीचं मात्र नीट सांगायला हवं कारण बऱ्याच जणांकडे अशा असतात. रविवर्म्याने १८९४ ला मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या लक्ष्मी, सरस्वती घरोघर पोचल्या. आमची लक्ष्मी नेमकी कधीची ते कळायला मार्ग नाही, आणि ती फार किमती आहे अशातलाही भाग नाही, पण आईंच्या लग्नाच्या आधीपासून घरात आहे. मागे पातळ फळी थेट कागदाला चिकटवलेली होती, फळीचे डाग कागदावर उतरलेले. एका फ्रेमवाल्याने सांगितलं की चित्र धुऊन प्लायवर चिकटवून लॅमिनेट करून देतो, एकदम नवीन दिसेल. मी चित्र घेऊन तिथून निघाले. मग मुंबईत एकाकडून आम्लविरहित पुठ्ठ्याचा माउंट करून घेतला, म्हणजे काच आणि कागद यांच्यात फट राहते, काच चिकटली तर दमट हवेत रंगासकट कागद निघून येतो. फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना बाटलीच्या बुचांचे तुकडे लावलेत, भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. जूनमध्ये ती माजघरातल्या आतल्या भिंतीवर जाते, गणपतीत ओटीवर येते, परत आत जाते.

लाकडाचं वेगळंच. वाशांना आणि आढ्याला पूर्वी काजूच्या टरफलाचं तेल द्यायचे, काळं, दाट, अंगावर पडलं तर कातडी भाजते. त्याचा वास बरेच दिवस जात नाही पण वाळवीला त्याने आळा बसतो, म्हणून वाशांना अजूनही तेच देतो, हातमोजे घालून. पाटांना आणि झोपाळ्याला जवसाचं तेल, अगदी पातळ हात, आणि ते पाऊस यायच्या बऱ्याच आधी, कारण पावसात ते वाळतच नाही, चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. पाट जमिनीवर थेट ठेवत नाही, खाली दोन पट्ट्या. भुशासारखी बारीक पूड पडलेली दिसली की तो पाट आधी बाकीच्यांपासून लांब करायचा, नंतर औषध बिवध काय ते.

आणि पितळ पावसाळ्यात सारखं सारखं घासायचं नाही, हे माझं ठाम मत. फोटोत चकचकीत दिसतं म्हणून लोक दर आठवड्याला चिंच मीठ लावतात, दोन दिवसांत परत काळं पडतं, आणि दर वेळी नक्षी थोडी थोडी झिजते. आमच्या समयांवरच्या हंसाच्या चोची पिढ्यान् पिढ्यांच्या घासण्याने बोथट झाल्यात. आता गणपतीच्या आधी एकदा, आमसुलाच्या पाण्याने, लगेच स्वच्छ धुऊन कोरड्या फडक्याने पुसून. बाकी वर्षभर जे दिसेल ते दिसेल. आईंना हे बिलकुल पटत नाही, त्यांच्या मते काळी समई देवापुढे ठेवणं म्हणजे आळस. त्यामुळे देवघरातली समई त्यांच्या ताब्यात आणि ओटीवरची माझ्या, असा तह झालाय.

कंदील पावसाळ्यात खरोखर लागतात. वारा सुटला की लाइट जाते ती कधी येईल सांगता येत नाही. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्यात, औंध संस्थानच्या पाठबळावर उभा राहिला तो, हे प्रभाकर कंदील व्हायचे. एकाची काच मूळची आहे, दुसऱ्याची जुन्या बाजारातून आणलेली. लोक त्यात बल्ब बसवून घेतात, मी नाही घेतला. रॉकेल मिळायला त्रास होतो पण थोडं जपून ठेवते, आणि वात नीट कापली तर काजळी धरत नाही.

गणपतीत घर आपोआप सजतं, मला फार काही करावं लागत नाही. गणपतीवर माटवी, म्हणजे लाकडी चौकट, बांधतात, त्याला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, कांगण्या, आंब्याचे टाळ, रानातलं जे जे मिळेल ते, आणि हे गावातली मंडळी माझ्यापेक्षा कितीतरी सुंदर करतात. मी फक्त पाट, ताम्हण, समया बाहेर काढते आणि प्लास्टिकच्या फुलांच्या माळा आत ठेवते. त्यावरून दर वर्षी छोट्या जावेशी थोडी चकमक होते, ती ठाण्याहून येताना घेऊन येते ना.

माझा आवडता काळ पाऊस गेल्यावरचा. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, सगळं घर बाहेर काढायचं, गाद्या, घोंगडी, सुपं, टोपल्या, लाकूड मात्र सावलीत, थेट उन्हात ठेवलं की चिरतं. मग खळं करायचं. माती उकरायची, पाणी मारायचं, लाकडी चोपण्याने चोपायची आणि शेणाने सारवायची. आमचं चोपणं जुनं आहे, मूठ हाताने गुळगुळीत झालेली, आणि ते शोभेला टांगा असं मला एका पाहुणीने सुचवलं होतं, पण टांगलं तर खळं कशाने चोपू? खळ्यावर पोफळीच्या खांबांचा मांडव उभा राहिला की ओटी परत उजेडात येते. दिवाळीला न्हाणीत बंब पेटतो, घंगाळात पाणी काढायचं, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, नंतर पाच प्रकारचे पोहे. घंगाळात पाणी भरून फुलं तरंगत ठेवायची जी फॅशन आहे ती वाईट नाही, पण ज्यात गरम पाणी घेऊन आंघोळ करता येते त्यात झेंडूच्या पाकळ्या सोडून फोटो काढणं माझ्या तरी जिवावर येतं.

भात झोडून झालं की मापं ओटीवर येतात. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मी ती लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडते, आणि भाच्यांना तांदूळ देऊन मोजायला बसवलं की तासभर मोबाईल आठवत नाही. पायलीला तळाशी भोक आहे, ते तसंच ठेवलंय. थंडी आमच्याकडे नावापुरतीच, गोधड्या काढायच्या आणि दुपारी उन्हात बसायचं, बस.

शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा ओटी मोकळी लागते. त्या दिवसांत मांडणी म्हणून जे काही आहे ते सगळं आत जातं, पालखी, ढोलवाले, गावकरी, यांना जागा नको? पहिल्या वर्षी मला कुणी सांगावं लागलं नाही, आईंनी सकाळीच सगळं उचलून माजघरात नेऊन ठेवलेलं होतं.

उन्हाळ्यात बरण्या. लोणच्याच्या, मिठाच्या, आमसुलांच्या. यात एक काळजी घ्या, ज्या बरणीची आतली चकाकी उडालीय किंवा तडा गेलाय तिच्यात आंबट काही घालू नका, जुन्या झिलईत शिसं असू शकतं. तशा बरण्यांत मी सुकलेल्या गवताचे तुरे आणि पंखे ठेवते. पितळी पातेल्यांचंही तसंच, कल्हई गेली की सार कळकतं. कल्हईवाला आमच्याकडे आता फक्त मे महिन्यात एकदा फिरतो, भाता, नवसागर, कथील घेऊन, मुंबईहून आलेली पोरं भोवती गोळा होतात. त्याला मी आधीच फोन करून ठेवते.

खर्चाचं म्हणाल तर वस्तूंवर कमी आणि दुरुस्तीवर जास्त गेला, सगळ्यात जास्त तसबिरीवर आणि वाशांवर. लामणदिवा कासाराकडे दिलाय, साखळीच्या कड्या जुन्यासारख्या हाताने करून दे म्हटलंय. तो म्हणतो चतुर्थीच्या आधी देतो. गेल्या वर्षी पण हेच म्हणाला होता.