आमची वाटचाल : प्लायची खालची बाजू

प्लायचा कापून ठेवलेला माल न्यायला सुतार आला की तो आधी माप घेत नाही. थप्पीतला एक तुकडा उचलतो, पालथा करतो आणि खालच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवतो. नख कुठं अडलं नाही तर मग टेप काढतो. आमचा धंदा इतकी वर्षं त्या नखावर चालला आहे.

2006 साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, एका ओतकामाच्या कारखान्यामागची पत्र्याची शेड भाड्यानं घेतली तेव्हा मशीन एकच होतं, टेबल सॉ. अँगलचा सांगाडा, वर बिडाचं टेबल, खाली तीन एचपीची 2880 फेऱ्यांची मोटर. मोटरला पाच इंची पुली, ब्लेडच्या शाफ्टला साडेतीन इंची. म्हणजे दहा इंची ब्लेड मिनिटाला चार हजारांवर फेऱ्या मारणार आणि त्याच्या दाताचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या पुढं जाणार. हा हिशेब मी पुढं कधीतरी केला. तेव्हा केला असता तर त्यासमोर इतक्या बिनधास्त उभा राहिलो नसतो.

वडील जुने सुतार. हात रंधा-पटाशीवर बसलेला, साग सोडून दुसऱ्या लाकडाला लाकूड म्हणायला तयार नाहीत. टेबल सॉ सुरू झाली की ते बाहेर जाऊन बसायचे. म्हणायचे, "ह्याला नुसतं ओरडता येतंय."

पहिली ऑर्डर एका स्वयंपाकघराची होती. चार फुटी प्लायमधून एकेक फुटाच्या चार पट्ट्या काढायच्या असं मी कागदावर लिहिलं आणि कापत सुटलो. चौथी पट्टी तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी भरली. ब्लेड दर कापाला तीन-सव्वातीन मिलिमीटर लाकडाचा भुसा करतं, हे मला माहीत होतं, पण हिशेबात धरायचं सुचलं नव्हतं. 8 बाय 4 चं शीट म्हणजे 2440 बाय 1220 मिलिमीटर. त्यातून फुटाच्या तीनच पट्ट्या निघतात, चौथी हवी तर गिऱ्हाइकाला आधीच विचारायचं की तीन सूत कमी चालेल का. तो शेल्फ मी माझ्या घरी लावला. अजून आहे.

मापाची चूक एकदा झाली की सुधारते. टवक्यांचं तसं नव्हतं. वरून कड सुरेख दिसायची आणि तुकडा पालथा केला की पापुद्रा करकरून निघालेला. मी ब्लेड बदललं, प्लायचा ब्रँड बदलला, पुरवठादाराशी भांडलोसुद्धा. कारण साधं होतं. टेबल सॉचे पुढचे दात वरून खाली येतात, प्लायच्या वरच्या पापुद्र्यात शिरतात आणि खालच्या पापुद्र्यातून बाहेर पडतात. बाहेर पडताना त्या पापुद्र्याला पाठीमागून आधार नसेल तर दात त्याला कापत नाही, ढकलून फोडतो. हँड कटरचं, म्हणजे हातात धरून चालवायच्या गोल करवतीचं, नेमकं उलटं. त्याचे दात खालून वर येतात, म्हणून टवके वर उडतात. साइटवर हँड कटरनं कापणारा सुतार चांगली बाजू खाली ठेवतो आणि तीच सवय घेऊन टेबल सॉवर येतो. मीही तेच करत होतो. दोन वर्षं.

आमच्या टेबलात ब्लेडभोवतीची फट बोटभर रुंद होती. ती बुजवायला मी 12 मिलिमीटर प्लायची पट्टी त्या खाचेत घट्ट बसवली, ब्लेड पूर्ण खाली नेलं, पट्टीवर एक आडवी रीप क्लॅम्पनं दाबली आणि मशीन चालू करून ब्लेड हळूहळू वर आणलं. ब्लेडनं स्वतःच्या जाडीएवढीच फट पाडली. आता खालचा पापुद्रा दाताच्या अगदी कडेपर्यंत टेकलेला राहतो. खर्च काही नाही, रद्दीतला तुकडा. त्या दिवशी पहिल्यांदा वडिलांनी कापलेला तुकडा हातात घेऊन उलटा-सुलटा केला. बोलले नाहीत काही.

2009 च्या गणपतीआधीची गोष्ट. मखरांची कामं अंगावर होती, रात्रीचे दहा वाजलेले. 12 मिलिमीटरचा साधारण 14 बाय 16 इंचाचा तुकडा फेन्सला, म्हणजे माल सरळ सरकावा म्हणून टेबलावर बसवलेल्या पट्टीला, लावून कापत होतो. असा जवळजवळ चौकोनी तुकडा सगळ्यात वाईट, कारण फेन्सला टेकायला त्याला पुरेशी लांबी नसते, तो गिरकी घेतो. काप संपत आला आणि मी डाव्या हातानं ब्लेडच्या मागून तो ओढायला गेलो. नंतर फक्त आवाज आठवतो. तुकडा माझ्या कमरेला चाटून मागच्या पत्र्यावर आदळला आणि पत्र्याला पोचा पडला. माझं बोट तुकड्याबरोबर ओढलं गेलं होतं. अंगठ्याच्या टोकाला सात टाके.

अंगठा बांधून आठवड्यानं शेडवर आलो तर शेजारचे लेथवाले काका मशीनजवळ उभे. उद्यमनगरात एक बरं आहे, मोजायची हत्यारं दर दुसऱ्या दारात सापडतात. त्यांनी टेबलाच्या खाचेत सरकणारी पट्टी बसवली, तिच्यावर बारीक फरक मोजणारा डायल लावला आणि फेन्सच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत फिरवला. "मागं पॉइंट सहा आत आहे की रे," म्हणाले. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त. तेवढ्यानं तुकडा जसजसा मागं सरकतो तसतसा फेन्स आणि ब्लेडच्या मागच्या दातांमध्ये चिमटला जातो. मागचे दात वर येत असतात, ते त्याला उचलतात आणि उभ्या माणसाच्या दिशेनं फेकतात. आणि गंमत म्हणजे तेच मागचे दात कडेला घासून जाळायचे, वरच्या बाजूला बारीक टवके काढायचे. मी ज्याला ब्लेडचा दोष समजत होतो तो फेन्सचा होता. स्वच्छ कापाचं आणि सुरक्षित कापाचं दुखणं एकच निघालं.

काकांनीच मग ब्लेडमागची पाती करून दिली. अडीच मिलिमीटर जाडीची: ब्लेडच्या अंगापेक्षा जाड, कापाच्या फटीपेक्षा बारीक, ब्लेडबरोबर वर-खाली होणारी, दातांपासून चारेक मिलिमीटरवर. फट मागं मिटू पाहते तेव्हा ही मधे उभी असते. पैसे विचारले तर एक शेल्फ मागितलं. लेथवर चढून बसलेलं ते 19 मिलिमीटरचं शेल्फ त्यांच्याकडं आजही आहे, कॅलिपरच्या पेट्या ठेवायला.

पत्र्यावरचा पोचा आम्ही ठोकून काढला नाही. त्याच्या सरळ रेषेत जमिनीवर पिवळा पट्टा मारला. मशीन चालू असताना त्या पट्ट्यात कुणी उभं राहायचं नाही, चहावाल्यानंही नाही. नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातातला दोरा दंडावर चढवायला लावतो, कडं काढायला लावतो. हातमोजे घालून मशीनला हात लावू देत नाही. लोकांना वाटतं हातमोज्यानं हात वाचतो. दातात मोज्याचा धागा अडकला तर ब्लेड मोज्याबरोबर हात आत घेतं. ब्लेडची उंची एवढीच ठेवायची की दातांमधली खाच प्लायच्या जेमतेम वर दिसावी. फेन्स आणि ब्लेडमधलं अंतर टीचभर असलं की हात नाही, ढकलकाठी. ती रद्दीतून कापतो, खिळ्याला टांगतो, दातानं खाल्ली की दुसरी.

इथं थोडं प्लायविषयी, कारण ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पूर्वी चांगल्या शीटला म्यानमारच्या गर्जन झाडाचा पापुद्रा असायचा. म्यानमारनं एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि बाजार ओकूमेकडं वळला. ते झाड आफ्रिकेतल्या गॅबोनचं. त्या देशानं 2010 मध्येच ओंडके बाहेर पाठवणं थांबवलं होतं, त्यामुळं तिथं सोललेला पापुद्रा यायला लागला. पापुद्रा महाग झाला तसा पातळ झाला. आता 0.3 मिलिमीटरचा सर्रास दिसतो. आत यमुनानगरकडचं पॉप्लर आणि निलगिरी, वर हे कागदासारखं पांघरूण. आमच्या 40 दातांच्या ब्लेडनं त्याच्या चिंध्या व्हायला लागल्या. 60 वर गेलो, मग 80 वर. सनमायका लावलेल्या शीटला वेगळ्या दाताचं ब्लेड, ज्यात एक दात कोपरे मारलेला आणि एक सपाट. आणि ब्लेड बोथट झालं म्हणून धारेला पाठवण्याआधी ते रॉकेलात बुडवून ब्रशनं घासून बघायचं. निम्म्या वेळा धार शाबूत असते, दातावर नुसता गोंद जळून बसलेला असतो.

जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा प्लायवर 28 टक्के होता. नोव्हेंबरात 18 वर आला. मधल्या चार महिन्यांत आमच्या गिऱ्हाइकांनी "बघू नंतर" म्हणून कामं लांबवली. शेड रिकामी. तेव्हा दोन-तीन ओळखीचे सुतार स्वतःची शीटं टेम्पोत घालून आले, नुसतं कापून द्या म्हणाले. आम्ही फुटावर दर लावला. महिन्याभरात फर्निचरपेक्षा कापणीचं काम जास्त झालं आणि तिथून धंद्यानं वळण घेतलं, आम्ही ठरवलं असं काही नाही.

2018 मध्ये मुद्राचं कर्ज काढून सरकत्या टेबलाची पॅनेल सॉ घेतली. ह्या जातीचं मशीन पहिल्यांदा 1906 मध्ये बर्लिनमध्ये विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी बनवलं. आमच्याकडं पोचायला शंभरावर वर्षं लागली एवढंच. तीस-पस्तीस किलोचं शीट आता माणसानं रेटायचं नाही, टेबलच घेऊन जातं. मोठ्या ब्लेडच्या पुढं 120 मिलिमीटरचं छोटं ब्लेड असतं, ते उलट्या दिशेनं फिरतं आणि खालचा पापुद्रा दोनेक मिलिमीटर खोल आधीच चिरून ठेवतं. मागून येणाऱ्या दाताला फोडायला काही उरत नाही. पण दोन्ही ब्लेडची रुंदी जुळली नाही तर कडेला पायरी पडते. ती जुळवण्यात पहिले तीन दिवस आणि सनमायक्याची दोन शीटं गेली.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद झाला, आमचा ट्रक वाटेतच अडकला. पाणी उतरल्यावर लोक भिजलेली शीटं वाळवून कापायला घेऊन आले. आम्ही परत पाठवली. एका बाईंनी वाद घातला की शीटवर 710 लिहिलंय, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा मानक क्रमांक. त्या प्रतीचं प्लाय 72 तास उकळून तपासतात हे खरं, पण शिक्का मारायला उकळावं लागत नाही. कोपरा चिमटीत धरून दाखवला, थर सुटत होते. असं शीट कापताना फुगलेलं लाकूड ब्लेडला आवळतं आणि मग तो पिवळा पट्टा.

जुनी टेबल सॉ विकली नाही. लांब पट्ट्यांना अजून तीच लागते. पण टीचभरापेक्षा लहान तुकडा आम्ही कुठल्याच मशीनवर धरत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. तो दारात बसलेल्या वडिलांकडं जातो. ते चष्मा लावतात, गुण्यानं रेघ मारतात, रेघेवर आधी सुरीनं चिरतात आणि हातकरवतीनं सावकाश कापून देतात. त्याचे पैसे आम्ही घेत नाही, आणि त्याची खालची बाजू कुणी नखानं बघतही नाही.