तुम्ही विचारलंत म्हणून: ‘त्याने माझ्याजवळ यायचं नाही’ असा हुकूम कोर्टाकडून कसा मिळतो?

‘तो पाठ सोडत नाही. कोर्टातून त्याला मनाई करून घेता येईल का?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि विचारणारी बहुतेक वेळा आधीच खूप सोसून आलेली असते. मनाई करून घेता येते. मात्र आपल्याकडे त्यासाठी एकच ठरलेला अर्ज नाही. तो माणूस तुमचा कोण लागतो, यावर रस्ता ठरतो. चुकीच्या दारात गेलात तर महिने वाया जातात, म्हणून सुरुवात इथून करा.

नवरा, सासरचे लोक, लग्नासारख्या नात्याने सोबत राहिलेला जोडीदार, बाप किंवा भाऊ त्रास देत असेल आणि तुम्ही कधीकाळी एका घरात राहिला असाल, तर कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा तुमचा. घर सोडून आलात तरी चालतं. 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सासू-नणंदेविरुद्धही दाद मागता येते. अर्ज कलम 12 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा. तुम्ही तात्पुरत्या मामाकडे राहत असाल तर तिथल्या कोर्टातही तो चालतो. संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली पीडित बाईला मदत करायला नेमलेले सरकारी अधिकारी) कौटुंबिक घटना अहवाल भरून देतात. तो असला तर चांगलंच, पण नसला म्हणून अर्ज अडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. त्यांची हेल्पलाइन 15100.

खरी मेख अर्जात आहे. ‘पती नेहमी मारहाण व शिवीगाळ करतो’ या वाक्यावर कोर्ट फारसं काही करू शकत नाही. तारीख, वेळ, जागा, काय केलं, कोणी पाहिलं, असं एकेका प्रसंगाचं लिहा. तारीख आठवत नसेल तर ‘गणपतीच्या आदल्या आठवड्यात’ असं लिहा, पण अंदाजाने तारीख ठोकू नका. उलटतपासणीत तीच अंगावर येते. अलीकडचे चार ठळक प्रसंग वीस वर्षांच्या सरसकट तक्रारीपेक्षा जास्त वजनदार ठरतात.

आणि त्याच दिवशी कलम 23 चा अंतरिम अर्ज, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा अर्ज, जोडा. हा राहून गेला की मूळ अर्जाच्या तारखा पडत राहतात. कायदा म्हणतो की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत द्यावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात ती मुदत क्वचितच पाळली जाते. कलम 23 खाली मात्र नमुना 3 मधल्या प्रतिज्ञापत्रावर, समोरच्याला न ऐकताही एकतर्फी आदेश देता येतो. नोटीस निघेपर्यंत थांबलं तर काय धोका आहे, हे त्या प्रतिज्ञापत्रात एका स्वतंत्र परिच्छेदात लिहा.

आता विनंती कलम, म्हणजे कोर्टाने नेमकं काय करावं हे मागायचा अर्जातला भाग. ‘त्रास देऊ नये’ एवढंच मागितलं की आदेशही तेवढाच मोघम निघतो, आणि मोघम आदेश मोडला हे सिद्ध करणं जड जातं. कलम 18 खाली, म्हणजे संरक्षण आदेशात, त्याने जिथे यायचं नाही त्या जागा नावानिशी मागा: राहतं घर, माहेर, ऑफिसचं फाटक, मुलाची शाळा. फोन, व्हॉट्सॲप, ईमेल, दुसऱ्याच्या फोनवरून किंवा नातेवाइकांमार्फत निरोप, असं प्रत्येक साधन वेगळं लिहा. संयुक्त खातं आणि लॉकर यांवरही बंदी मागता येते. त्याने घरात यायचं नाही ही मागणी कलम 19 (राहत्या घराबाबतचा आदेश) बरोबर 18 मध्येही घाला, कारण कलम 31 ची शिक्षा संरक्षण आदेश मोडल्याबद्दल आहे.

समोरच्याला नोटीस पोहोचणं हा सगळ्यात कंटाळवाणा अडथळा. घरचा पत्ता, कामाचा पत्ता, मोबाइल नंबर, सगळं द्या. ‘पत्त्यावर आढळला नाही’ या शेऱ्यावर कितीतरी तारखा जातात.

तो तुमच्या घरातला नसेल, म्हणजे ओळखीचा, शेजारी, जुना मित्र किंवा अगदी परका असेल, तर वरचा कायदा लागत नाही. एखादा पुरुष बाईचा पाठलाग करत असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 78 आहे. त्याच्या व्याख्येत एक गोष्ट आहे: तिने नापसंती स्पष्ट दाखवली आणि तरीही तो वारंवार मागे लागला. म्हणून सुरक्षित असेल तर एकदाच लेखी कळवा, ‘माझ्याशी संपर्क करू नका’. त्यानंतर एकाही मेसेजला उत्तर नाही. ‘शेवटचं एकदा भेटून बोलू’ हे तर नाहीच. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसू द्या, चॅट पुसू नका, फोन विकू नका. मूळ फोन हाच पुरावा असतो.

हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात, त्यामुळे ठाण्यात एनसीवर (अदखलपात्र नोंदीवर) बोळवण केली तर ती घेऊ नका, एफआयआर मागा. पण पहिल्या वेळी तो जामीनपात्रही आहे. त्याच दिवशी सुटून तो पुन्हा गल्लीत दिसू शकतो. म्हणून पोलिसांना लेखी अर्ज देऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली कारवाईही मागा. लोक याला चॅप्टर केस म्हणतात. कार्यकारी दंडाधिकारी, मुंबई-पुण्यात सहसा एसीपी (सहायक पोलीस आयुक्त), त्रास देणाऱ्याकडून जास्तीत जास्त एक वर्षाचं बंधपत्र, म्हणजे शांतता राखण्याची लेखी हमी, लिहून घेतात. मुदत संपण्याआधी त्रास सुरूच असेल तर नवा अर्ज वेळेत द्या.

दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूमही घेता येतो, आणि पुरुषांनाही तो मार्ग खुला आहे. दाव्यासोबत तूर्तातूर्त (निकालापर्यंतच्या तात्पुरत्या) मनाईचा अर्ज, ज्याला कोर्टात निशाणी 5 म्हणतात, तो द्यायचा. एकतर्फी मनाई मिळाली तर अर्ज, दावा आणि कागदपत्रांच्या प्रती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने प्रतिवादीला पाठवून तसं प्रतिज्ञापत्र दाखल करावं लागतं. हे राहिलं की तो त्याच मुद्द्यावर हुकूम उठवायला येतो. हुकूम मोडला तर मालमत्ता जप्ती किंवा तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, पण त्यासाठी पुन्हा कोर्टातच जावं लागतं. म्हणून अंगावर धोका असेल तर एकट्या दिवाणी हुकमावर विसंबू नका.

आदेश हातात आला की बरेच जण मोकळा श्वास घेऊन तो कपाटात ठेवतात. तसं करू नका. कौटुंबिक हिंसाचाराच्या आदेशाची प्रत कोर्टाकडून विनामूल्य मिळते. ती स्वतः ठाण्यात नेऊन द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. घराच्या आणि ऑफिसच्या हद्दीची ठाणी वेगळी असतील तर दोन्हीकडे. सोसायटीच्या वॉचमनला आणि शाळेलाही एकेक प्रत द्या, फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

तो दारात आला तर 112 लावा. संरक्षण आदेशाचा भंग दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एकट्या पीडित स्त्रीच्या साक्षीवरही तो सिद्ध मानता येतो. ‘कोर्टात जा’ असं ठाण्यात सांगितलं तर कलम 31 आणि 32 दाखवा. तरी नाहीच ऐकलं तर तक्रार पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तालयात पोस्टाने पाठवा, पावती जपा, आणि त्या पावतीसह आदेश देणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेच भंगाचा अर्ज करा.