नारळी पौर्णिमा ते गणपती : ट्राउटच्या सहलींची आमची वाटचाल

पुण्यात आमचं काम सुरू झालं ते गळाचं सामान विकण्यापासून. रॉड, रीळ, तंगूस, महसीर माशासाठी स्पून, म्हणजे चमच्यासारखं धातूचं आमिष. फ्लायचे (किड्यासारख्या दिसणाऱ्या पिसांच्या हलक्या आमिषाचे) रॉड ठेवायला लागलो तसा एकच प्रश्न वारंवार यायला लागला : हा वापरायचा कुठे? असा रॉड मुख्यतः ट्राउट या माशासाठी, आणि त्याला थंड, वाहतं, भरपूर ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. पाणी २० अंशांच्या वर गेलं की तो खाणं कमी करतो, आणखी तापलं की मरतो. सह्याद्रीतल्या नद्यांत तो टिकणार नाही. श्रीनगरहून मात्र लिडर, सिंध आणि ब्रिंगी या तीनही नद्यांची ट्राउटची पाणी दोन-तीन तासांत गाठता येतात. लिडरवरचं पहलगाम सुमारे ९० किलोमीटर, सिंधवरचं सोनमर्ग ८०, ब्रिंगीकडचं कोकरनाग ७०. म्हणून दुकानाशेजारी सहलींचं टेबल आलं आणि आज तेच मुख्य काम आहे.

ट्राउट काश्मीरचा मूळचा नाही. १८९९ मध्ये इंग्लंडहून पाठवलेली अंडी वाटेतच खराब झाली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली खेप जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल यांनी ते मासे वाढवले आणि पुढे श्रीनगरजवळच्या हारवनला पैदास सुरू झाली. आज नद्यांत ब्राऊन आणि रेनबो हे दोन्ही ट्राउट आहेत.

सहल आखताना आम्ही हॉटेलपासून नाही, पाण्यापासून सुरुवात करतो. मराठी घरात सुट्टी म्हणजे मे महिना किंवा दिवाळी, आणि नेमके हे दोन्ही काळ ट्राउटला चालत नाहीत. मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत कोलहोई हिमनदी आणि शेषनाग तलावाकडचा बर्फ वितळून लिडर गढूळ आणि जोरात वाहते. दिवाळीपर्यंत काश्मीरचा हंगाम बंद झालेला असतो, कारण ब्राऊन ट्राउट हिवाळ्याच्या तोंडावर अंडी घालतो. हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये अमरनाथ यात्रा पहलगाम आणि बालटाल या दोन्ही बाजूंनी जाते, म्हणजे लिडर आणि सिंध दोन्हीकडचे रस्ते ताफ्यांच्या वेळांवर चालतात. यात्रा संपते श्रावण पौर्णिमेला. आपल्याकडे कोळीबांधव समुद्राला नारळ अर्पण करतात तोच हा दिवस. तेव्हापासून गणेश चतुर्थीपर्यंतचे जवळजवळ अडीच आठवडे हा आमचा खरा हंगाम. गणपती लवकर आले, तर विसर्जनानंतर ३० सप्टेंबरपर्यंतचा दुसरा तुकडा मिळतो, आणि पाण्याच्या दृष्टीने तो पहिल्याहून सरस असतो. पितृपक्षात प्रवास न करणारी घरं तेवढी कमी होतात.

परवाना मत्स्यविभागाचा. तो नदीच्या ठरावीक पट्ट्याचा, म्हणजे बीटचा असतो. दिवसागणिक आणि रॉडगणिक मिळतो. प्रत्येक बीटवर रॉडची संख्या मर्यादित असल्यामुळे आम्ही सहा जणांच्या पुढे गट करत नाही आणि दोन रॉडमागे एक स्थानिक गाईड ठेवतो. आधी बीट, मग विमान, मग खोली हा क्रम कधी उलटवू देत नाही. परवान्यावर लिहिलेली मर्यादा काहीही असो, आमच्या गटातले मासे पाण्यात परत जातात. त्यासाठी गळाची काटेरी जीभ पक्कडीने दाबून सपाट करायची, हात ओले करून मासा धरायचा, रबरी जाळी वापरायची आणि दहा सेकंदांच्या आत त्याला पाण्यात ठेवायचं. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी लागते. श्रावण पाळणारे पाहुणे या अटीवर कधी हरकत घेत नाहीत.

सामानात ९ फुटी, ५ वजनाचा (हा आकडा रॉडला लागणाऱ्या लाईनच्या वजनाचा क्रमांक), चार तुकड्यांचा रॉड सगळीकडे चालतो. फ्लोटिंग (तरंगणारी) लाईन, तिच्या टोकाला ९ फुटी लीडर, म्हणजे निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा, आणि त्यापुढे फ्लाय बांधायचा बारीक धागा, म्हणजे टिपेट, ४एक्स आणि ५एक्स जाडीचा. चार दिवसांना माणशी चार लीडर आणि दोन डझन फ्लाय पुरतात : बारा मणीदार निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडणाऱ्या फ्लाय (फेझंट टेल, हेअर्स इअर), आठ तरंगत्या (अ‍ॅडम्स, एल्क हेअर कॅडिस), चार वूली बगर (मोठ्या, झुपकेदार, बुडणाऱ्या). निम्फ आणि तरंगत्या फ्लायचे आकार १२ ते १६. निम्फच जास्त का, तर ट्राउट बहुतेक खाणं तळाशी खातो. इंडिकेटर, म्हणजे मासा लागल्याचं दाखवणारा छोटा तरंगता गोळा, निम्फपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर बांधायचा. निम्फ अधूनमधून गोट्यांना घासत नसेल तर ती उंचावरून वाहते आहे, वजन वाढवा. पोलराइज्ड चष्मा सक्तीचा, मासे दिसावेत म्हणून आणि डोळ्यात गळ जाऊ नये म्हणूनही. बुटांचे तळवे नमद्याचे, म्हणजे तंतू दाबून केलेल्या जाड कापडाचे हवेत, रबरी तळवे लिडरच्या गोट्यांवर घसरतात. हे बूट आम्ही भाड्याने देतो आणि प्रत्येक सहलीनंतर पूर्ण वाळवतो, कारण ओल्या नमद्यातून एका नदीचे जंतू दुसरीत जातात.

निघण्याआधी पुण्यात मैदानावर सराव होतो. गळाच्या जागी लोकरीचा तुकडा. नवशिक्या ओव्हरहेड कास्टच्या, म्हणजे लाईन डोक्यावरून मागे नेऊन पुढे फेकण्याच्या मागे असतो, पण लिडरच्या काठावर मागे विलो आणि पॉप्लर असतात. तिथे लाईन मागे न उडवता पुढे गुंडाळत टाकायची रोल कास्टच कामाला येते. म्हणून सरावाचा अर्धा वेळ तिलाच. लांब फेकीचा हव्यास आम्ही मोडून काढतो, कारण डोंगरी नदीत सात-आठ मीटरवर मासे असतात. नवख्याच्या हातून मासा जातो तो बहुतेक वेळा लाईनच्या ओढीमुळे. मधल्या जोरकस धारेने लाईन पुढे खेचली की फ्लाय पाण्यावर घसरते, आणि ट्राउट अशी फ्लाय घेत नाही. पडता क्षणी लाईनचा मधला भाग प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून टाकायचा. फ्लाय टाकायची धार आणि संथ पाणी भेटतात त्या रेषेवर, मोठ्या गोट्यामागच्या शांत जागेत.

वेळेचंही गणित आहे. वितळणीच्या दिवसांत दुपारनंतर पाणी चढतं आणि गढूळतं, तेव्हा पहाटे ते अकरा. सप्टेंबरात उलट : सकाळी पाणी फार थंड असतं, किडे दहानंतर उडतात, मग दहा ते चार. थर्मामीटर खिशात ठेवा. १० ते १४ अंशांत मासा सर्वांत चांगला खातो. पाऊस पडून नद्या फुगल्या तर कोकरनागकडे वळायचं. तिथलं पाणी झऱ्यांचं असल्यामुळे ते लवकर निवळतं. हा राखीव दिवस प्रत्येक आखणीत असतोच. सप्टेंबर २०१४ चा महापूर लक्षात ठेवून इशारा आला की नदीकाठ सोडायचा, हा नियम.

आणखी काही. रॉडची नळी, गळ, कात्री सगळं चेक-इनमध्ये. श्रीनगरहून परतताना विमानतळावर तीन तास आधी पोहोचा, तपासण्या अनेक असतात. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड हवं.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला झालेल्या हल्ल्यात महाराष्ट्रातली माणसंही गेली. घरच्यांच्या प्रश्नांना तेव्हापासून आम्ही आखणीत पहिलं स्थान दिलं. बीट ज्या भागात आहे तो पर्यटकांसाठी खुला आहे का, हे बुकिंगच्या वेळी आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासतो. ज्यांना काश्मीर नको, त्यांच्यासाठी हिमाचलमधलं तीर्थन खोरं जोडलं : औटच्या बोगद्यापाशी वळून बंजार, मग गुशैनी. पावसाळ्यात तिथे जाऊ नये, दरडी कोसळतात. ऑक्टोबरात पाणी काचेसारखं होतं आणि १ नोव्हेंबरपासून मासेमारी बंद.

२०२६ मध्ये नारळी पौर्णिमा ऑगस्टअखेर आणि गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, त्यामुळे काश्मीरचे गट या दोन्हींच्या मधल्या दिवसांत जातील. तीर्थनचे गट ऑक्टोबरात, पण दसऱ्याच्या आधी परतणारे. कुल्लूचा दसरा विजयादशमीला सुरू होऊन सात दिवस चालतो. त्या आठवड्यात भुंतरची विमानं आणि कुल्लूच्या खोल्या मिळणं कठीण असतं.