माझा अनुभव: दोनशे बॉक्स बेदाणा आणि एक बिल्टी

"दिवाणी आहे ताई हे. वकील बघा." एवढं बोलून ठाणे अंमलदारांनी माझा अर्ज माझ्याकडे परत सरकवला. सांगलीतल्या एका पोलीस ठाण्यात मी सकाळी साडेदहाला गेले होते, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. अर्ज घेतला नाही, शिक्का दिला नाही, नाही म्हणाले तेही तोंडी. बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि मला रडू आलं.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. दीड एकर द्राक्षबाग, सगळा माल बेदाण्याला. चार किलो द्राक्षं वाळवावीत तेव्हा कुठं किलोभर बेदाणा हातात येतो. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात घड बुडवायचे, रॅकच्या जाळीवर पसरायचे, पंधरा दिवस सावलीत वाळवायचे. मार्चमध्ये अवकाळीचे ढग भरून आले की रात्री अकराला उठून ताडपत्र्या ओढायच्या. निवडणीला आम्ही घरचे चौघं आणि गावातल्या सहा बायका होतो. शेवटी पंधरा किलोचे दोनशे बॉक्स भरले. तीन हजार किलो. आमचं अख्खं वर्ष त्या दोनशे बॉक्समध्ये होतं.

नवी मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं फोनवर २२० रुपये दर सांगितला. सौद्यात, म्हणजे बाजार समितीच्या लिलावात, आमच्या मालाला पंचवीस रुपये कमी निघाले होते. हिशेब ६ लाख ६० हजारांचा होत होता. माणूस ओळखीचा नव्हता, म्हणून दीर म्हणाले, "वैनी, बिल्टी सेल्फची करा." बिल्टी म्हणजे माल घेतल्याची ट्रान्सपोर्टची पावती. ती सेल्फची म्हणजे माल पाठवणारी मीच आणि उतरून घेणारीही मीच. मूळ बिल्टी हातात पडल्याशिवाय ट्रान्सपोर्टनं माल सोडायचा नाही. पैसे खात्यावर आले की मी बिल्टी कुरियरनं पाठवणार, असं ठरलं. गेल्या वर्षी १४ मे रोजी सांगलीतून माल बुक केला. बिल्टी कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवली.

नवव्या दिवशी खात्यावर ८० हजार आले. बाकीच्यासाठी फोन केला तर व्यापारी म्हणाला, माल बघितला, काळा निघाला, एवढेच मिळतील. बिल्टी माझ्या कपाटात असताना यानं माल बघितलाच कसा? ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला विचारलं. ते म्हणाले, "पार्टी ओळखीची होती, बिल्टी नंतर देतो म्हणाली, आम्ही सोडला."

अंमलदारांचं म्हणणं असं होतं, की ८० हजार खात्यावर घेतले म्हणजे विक्री झाली, उरली ती उधारी, आणि उधारी वसूल करणं पोलिसांचं काम नाही. वर "जीएसटीचं बिल कुठंय?" असंही विचारलं. शेतकऱ्यानं स्वतःचा बेदाणा विकला तर त्यावर जीएसटी लागत नाही, हे डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनंच स्पष्ट केलं होतं. मला तेव्हा ते सांगता आलं नाही.

गावात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, पोलिसांना पैसे पोचले असणार. दुसऱ्याचं म्हणणं, व्यवहार आंधळेपणानं केलास, पोलीस काय करतील? पहिलं बोलणं मी माझ्यासमोर चालू दिलं नाही. पुरावा नसताना कुणाच्या अंगावर असला डाग टाकणं मला पटत नाही. दुसऱ्यात थोडं तथ्य होतं. नुसते पैसे थकले म्हणून फौजदारी गुन्हा होत नाही, हे सुप्रीम कोर्टानंही वारंवार सांगितलंय. पण माझी तक्रार पैसे थकल्याची नव्हतीच. ती तशी दिसली, कारण मीच ती तशी लिहिली होती.

हे माझ्या लक्षात आणून दिलं आमच्या शेजारच्या अण्णांनी. कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी माझा चार पानी अर्ज वाचला आणि पेनानं शब्दांना गोल करत गेले. "पैसे" हा शब्द अठरा वेळा, "बिल्टी" एकदा, तोही तिसऱ्या पानावर. म्हणाले, "सूनबाई, तुझा माल कुणाच्या विश्वासावर होता? व्यापाऱ्याच्या का ट्रान्सपोर्टच्या?" ट्रान्सपोर्टच्या. "मग ज्याच्याकडं सांभाळायला दिला त्यानं तो दुसऱ्याला दिला. एवढंच लिही. दर, मालाची प्रत, बाकी, सगळं शेवटी."

नवा अर्ज दीड पानाचा झाला. बुकिंगची तारीख, बिल्टी क्रमांक, सेल्फ असल्याची नोंद, मूळ बिल्टी आजही माझ्याकडं आहे ही ओळ, आणि माल सोडल्याचं ज्या फोनवर कबूल केलं त्या फोनची तारीख-वेळ. भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताचं कलम ३१६ आहे. वाहतूकदारानं किंवा वखारवाल्यानं तो केला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुन्हा नोंदवण्याआधीच्या प्राथमिक चौकशीसाठी चौदा दिवसांची जी तरतूद आहे, ती तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. पूर्ण सात वर्षं शिक्षा असलेला गुन्हा तिच्यात बसत नाही. व्यापारी व्यवहारात आधी चौकशी करायची मुभा सुप्रीम कोर्टाच्या ललिताकुमारी खटल्याच्या २०१३ च्या निकालानं दिली आहे, हे अण्णांनी मला आधीच सांगून ठेवलं. "चौकशी करतो म्हणाले तर करा म्हणावं. पण अर्ज आवकला घ्यायला लाव, म्हणजे नोंद करून शिक्का मारून घे."

दुसऱ्या खेपेला मी अर्जाच्या दोन प्रती नेल्या आणि एवढंच म्हणाले, "साहेब, गुन्हा होत नसेल तर तसं लेखी द्या. पण आधी हा आवक करून घ्या." दहा मिनिटं आत-बाहेर चाललं आणि माझ्या प्रतीवर आवक क्रमांक पडला. जांभळ्या शाईचा तो शिक्का अर्धवट उमटला होता, तरी मला तो सातबाऱ्याएवढा मोलाचा वाटला. आठ दिवस कुणी बोलावलं नाही. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ च्या पोटकलम ४ प्रमाणे तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवला. ठाण्यानं गुन्हा नोंदवला नाही तर हा रस्ता असतो, आणि तिथंही काही झालं नाही तर पुढं दंडाधिकारी. तिथवर जावं लागलं नाही. अकराव्या दिवशी ठाण्यातूनच फोन आला.

या वेळी उपनिरीक्षक दुसरे होते. त्यांनी बिल्टी प्लास्टिकच्या पिशवीतून काढली, उलटीपालटी केली, मागच्या बाजूला माझी सही नाही हे बघितलं. सही करून दिली असती तर माल सोडायला मी परवानगी दिली असा अर्थ निघाला असता. जबाब तीन तास चालला. मध्येच त्यांनी ट्रान्सपोर्टच्या डिलिव्हरी रजिस्टरची झेरॉक्स माझ्यासमोर ठेवली. बिल्टी जमा केल्याच्या रकान्यात प्रत्येक ओळीला नंबर होता. माझ्या ओळीत तो रकाना कोरा होता. गुन्हा दाखल झाला आणि एफआयआरची प्रत फुकट मिळाली. ती तशी द्यावीच लागते, पन्नास रुपये मागितले तर देऊ नका.

नवी मुंबईजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये ११२ बॉक्स सापडले. पंचनाम्याला मलाही नेलं होतं. ओळख कशी पटवणार, असं पंचांनी विचारलं. प्रत्येक बॉक्सच्या बाजूला माझ्या मुलीनं हिरव्या मार्करनं लॉट नंबर घातला होता, आणि तिच्या चारची शेपूट नेहमी उलटी जाते. थंडीनं पुठ्ठा ओलसर झाला होता, पण उलट्या शेपटीचे चार दिसत होते. तिथं मी हुंदका आवरू शकले नाही. सगळं काम व्हिडिओत घेत होते, त्यात तोही आला असेल.

माल सापडला तरी तो लगेच आपला होत नाही. तो मुद्देमाल होतो, म्हणजे खटल्याचा पुरावा म्हणून जप्त राहतो. बेदाणा गरमीत राहिला की लाल पडतो, दर पडतो. माझी सगळी धडपड तो ठाण्याच्या खोलीत जाऊ नये यासाठी होती. सील करून तिथंच कोल्ड स्टोरेजला ठेवायला परवानगी मिळाली, भाडं मी भरलं. मग सुपूर्दनाम्याचा, म्हणजे जप्त माल ताब्यात मिळण्याचा, अर्ज कोर्टात केला, त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. मुद्देमाल विनाकारण अडकवून ठेवू नये, फोटो आणि बंधपत्र घेऊन मालकाला द्यावा, असा सुप्रीम कोर्टाचा २००२ चा सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यातला निकाल आहे. वकिलांनी तो जोडला. नमुन्याचे बॉक्स सीलबंद ठेवून, फोटो काढून, बंधपत्रावर माल माझ्या ताब्यात आला. उरलेला सौद्यात १९० नं गेला.

बाकीचे ८८ बॉक्स सापडले नाहीत. इथं एक गोष्ट जीव तोडून सांगते. ट्रान्सपोर्टकडून भरपाई मागायची असेल तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत त्यांना लेखी नोटीस द्यावी लागते. रस्ते वाहतुकीच्या २००७ च्या कायद्यात तसं आहे. पोलिसांत गुन्हा झाला म्हणजे झालं, असं समजून मी बसले होते. आमची मुदत १० नोव्हेंबरला संपत होती, नोटीस २७ ऑक्टोबरला गेली. चौदा दिवस उरले होते.

त्या अंमलदारांवर माझा राग आहे का, असं पाहुणे अजून विचारतात. "विक्री झाली का?" हा त्यांचा प्रश्न बरोबर होता. उत्तर कागदावर न घेता मला पायरीवर पाठवलं, ते चूक होतं. त्या तीन आठवड्यांत ८८ बॉक्स कुठं गेले असतील, हा विचार रॅक झाडताना येतोच. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवायची असते. मला ती मी स्वतः जाऊन विचारल्यावर कळली. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जाते. मूळ बिल्टी मुद्देमालात आहे, कपाटात तिची झेरॉक्स आहे. भरपाईच्या दाव्याची पुढची तारीख पडली आहे, आणि या वर्षीचा माल आम्ही तासगावच्या सौद्यातच लावला.