गरम झालेले डिझेल इंजिन पुन्हा सुरू का होत नाही

डिझेल गाडी चालता चालता बंद पडली आणि सेल्फ मारूनही सुरू होत नसेल, तर बॉनेट उघडण्याआधी ती बंद कशी पडली हे नीट आठवून ठेवावे. ती आचके देत, ओढ कमी होत होत थांबली, की बटण दाबून दिवा घालवावा तशी एका क्षणात थांबली? ही माहिती फक्त चालकाजवळ असते. ती मिस्त्रीपर्यंत पोहोचली नाही, तर पुढचे सगळे निदान अंदाजावर चालते, आणि अंदाजाची सुरुवात बहुधा डिझेलचा पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारी नोझल या सर्वांत महागड्या भागांपासून होते.

आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या घरात असतो आणि त्याच दिवसांत लग्नसराईची धावपळही असते. या काळात एक तक्रार मला वारंवार ऐकू येते: गाडी रस्त्यात बंद पडली, सेल्फ व्यवस्थित फिरत होता पण इंजिन पकडत नव्हते, आणि सावलीत अर्धा-पाऊण तास उभी केल्यावर ती काहीच न झाल्यासारखी सुरू झाली. लोक याला ‘गाडी तापली’ म्हणून सोडून देतात. तापमानाचा काटा मात्र मधोमध असतो, रेडिएटरचे पाणीही जागच्या जागी असते. गरम असताना बंद आणि थंड झाल्यावर चालू, या एकाच लक्षणामागे दोन अगदी वेगळे बिघाड असू शकतात, आणि त्यांतला कोणता आहे हे ठरवल्याशिवाय कोणताही भाग बदलू नये, असे माझे ठाम मत आहे.

दोन्ही बिघाड समजण्यासाठी डिझेल इंजिनाची गरज लक्षात घ्यावी लागते. त्याला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा साधारण 16 ते 18 पट दाबली गेली की ती इतकी तापते, की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. जुन्या ट्रॅक्टरमध्ये हे फवारण्याचे काम संपूर्णपणे यांत्रिक पंप करतो, त्यामुळे एकदा सुरू झालेला ट्रॅक्टर विजेवाचूनही चालत राहतो. मोटारींमध्ये 1997 पासून आलेल्या कॉमन रेल पद्धतीत मात्र पंप फक्त सर्व नोझलांच्या सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाब तयार करतो, आणि कोणते नोझल कोणत्या क्षणी किती वेळ उघडायचे हे ईसीएम (इंजिनाचा संगणक) ठरवते. त्यासाठी क्रँकशाफ्ट (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) या क्षणी नेमका कुठे आहे हे ईसीएमला कळावे लागते आणि ते क्रँक सेन्सर सांगतो. हा सेन्सर गप्प झाला, की टाकी भरलेली असो, पंप नवा असो, नोझल उघडत नाहीत. काही गाड्या कॅम सेन्सरच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवरचा सेन्सर) आधारावर कशाबशा चालतात, पण बहुतेक जागीच थांबतात.

आमच्या घरच्या गाडीच्या बाबतीत हेच घडले. धुळ्याकडे जाताना एरंडोल सोडून पारोळ्याच्या दिशेने गाडी चांगल्या वेगात आणि वरच्या गिअरमध्ये असताना इंजिन एकदम बंद झाले. ना झटका, ना धूर. क्लच दाबलेला नव्हता, म्हणजे चाके इंजिनाला फिरवतच होती, आणि तरीही आरपीएमचा काटा शून्यावर पडलेला होता. हे दृश्य मोलाचे आहे. डिझेल कमी पडून इंजिन थांबते तेव्हा गिअरमध्ये असलेल्या गाडीचा काटा तिच्या वेगाबरोबर हळूहळू खाली येतो. इंजिन प्रत्यक्ष फिरत असताना काटा शून्य दाखवतो, तेव्हा फिरण्याची खबरच वर पोहोचत नसते. (अशा वेळी ब्रेक वारंवार दाबून सोडू नये. दोन-चार वेळा दाबल्यावर बूस्टरमधला, म्हणजे पेडल हलके करणाऱ्या भागातला, व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. एकदाच, एकसारखा दाब देत गाडी कडेला घ्यावी.)

थंड झाल्यावर गाडी सुरू झाली, आणि शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये हाय प्रेशर पंप व चारही नोझल बदलण्याचा सल्ला मिळाला. हा सल्ला अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही, कारण गरम असताना सुरू न होण्याचे दुसरे कारण तिथेच असते. डिझेल तापले की पातळ होते, आणि झिजलेल्या पंपातून व नोझलच्या आतल्या फटींतून जास्त गळून परत टाकीकडे जाते. चालू इंजिनाचा वेग ही गळती भरून काढतो, पण सेल्फच्या वेळी इंजिन मिनिटाला जेमतेम 200 ते 250 फेरे घेते आणि तेवढ्यात रेलमधला दाब तयार होत नाही. बहुतेक गाड्यांत हा दाब 200 बारच्या आसपास गेल्याशिवाय ईसीएम नोझल उघडतच नाही. थंड झाल्यावर डिझेल पुन्हा थोडे दाट होते आणि गाडी सुरू होते. लक्षण तेच, कारण मात्र निराळे. पण असे पंप-नोझल आधी बंद झालेल्या गरम इंजिनाला सुरू होऊ देत नाहीत. चांगल्या वेगातली गाडी ते अशी एका क्षणात थांबवत नाहीत.

म्हणून गाडी पारोळ्याच्या एका मिस्त्रीकडे नेली, ज्यांचा हात ट्रॅक्टरवर बसलेला आहे. माझे सगळे सांगणे ऐकून घेऊन ते एवढेच म्हणाले, “भाऊ, पहिले धूर देखू, मंग पंपनं बोलू.” इंजिन पुरते तापवून बंद केल्यावर ते पुन्हा सुरू होईना, तेव्हा त्यांनी मला सेल्फ मारायला सांगितले आणि स्वतः सायलेन्सरच्या नळीजवळ बसले. सेल्फ मारताना नळीतून पांढुरका धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये जाते आहे पण पेटत नाही, म्हणजे कॉम्प्रेशन, टायमिंग किंवा थंडीत हीटर प्लग पाहायचे. धूर अजिबात नसेल तर डिझेल आत पोहोचतच नाही. आमच्या गाडीला धूर नव्हता. मग ईसीएममधली माहिती वाचणारा स्कॅनर लावला. सेल्फ इंजिनाला जोरात फिरवत होता आणि स्कॅनरवर इंजिनाचा वेग शून्य होता. पी-0335 हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड नोंदलेला नव्हता, आणि तो नेहमी नोंदला जातोच असे नाही. म्हणून कोड नाही याचा अर्थ दोष नाही असा घेऊ नये.

सेन्सर काढल्यावर जे पाहायला मिळाले ते मला आजही समाधान देते. अंगठ्याएवढा काळा तुकडा, टोकाला चुंबक, आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची कॉइल. मीटरवर तिचा रेझिस्टन्स नऊशे ओहमच्या आसपास स्थिर होता, म्हणजे थंड असताना ती निर्दोष होती. मिस्त्रींनी तो पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाफाळत्या पाण्याच्या स्टीलच्या पेल्यात बुडवला. आकडा हळूहळू चढू लागला, जे तांब्याच्या बाबतीत स्वाभाविक आहे, आणि मग अचानक मीटर ओपन, म्हणजे जोडणी तुटलेली, दाखवू लागला. बाहेर काढून फुंकर घातल्यावर काही वेळाने आकडा परत आला. आतली तार कुठेतरी तुटलेली होती. थंड असताना तिची टोके टेकत होती आणि तापून पसरल्यावर सुटत होती. ही तपासणी दोन तारांच्या कॉइलवाल्या सेन्सरचीच आहे. तीन तारांचा सेन्सर बहुधा हॉल प्रकारचा (आत कॉइलऐवजी चुंबकीय क्षेत्र ओळखणारी इलेक्ट्रॉनिक चिप असलेला) असतो, त्याचा रेझिस्टन्स मोजून काही सिद्ध होत नाही. त्याचा सिग्नल पाहावा लागतो. सेन्सर बदलला, त्याची तार गरम भागाला टेकणार नाही अशी क्लिपमध्ये बसवली, आणि पंप व नोझल होते तेच राहिले.

गाडी आचके देत थांबली असेल, तर शोध डिझेलच्या वाटेवर सुरू करावा, आणि तोही टाकीकडून पुढे. शेतीसाठी ड्रममध्ये साठवलेले डिझेल अडीनडीला मोटारीत ओतले जाते आणि त्यात पाणी असण्याची शक्यता बरीच असते. फिल्टरच्या तळाचे डिझेल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवावे. पाणी जड असल्याने तळाशी वेगळे दिसते. फिल्टरच्या पुढे पारदर्शक नळी जोडून बुडबुडे दिसले, तर लाइन एअर घेते आहे. इथे एक इशारा कळकळीने देतो: ट्रॅक्टरची एअर काढताना नोझलचे नट ढिले करण्याची सवय आपल्याकडे घराघरांत आहे, ती कॉमन रेलच्या गाडीवर कधीही वापरू नये. त्या पाइपात हजार बारपेक्षा जास्त दाब असू शकतो आणि डिझेलची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. अशी जखम वरून किरकोळ दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे लागते. आणि सेल्फ मारताना इंजिन विनाअडथळा, गुळगुळीत भर्रकन फिरत असेल, तर टायमिंग बेल्ट (क्रँकशाफ्टवरून कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा) तुटल्याची शंका घेऊन सेल्फ तिथेच थांबवावा.

हे सगळे ठीक असूनही स्कॅनरवर इंजिनाचा वेग दिसत असेल आणि रेलचा दाब चढत नसेल, तेव्हाच पंप-नोझलकडे वळावे. नोझलच्या परतीच्या नळ्या काढून प्रत्येकीला एकसारखी बाटली जोडायची आणि ही तपासणी इंजिन गरम असतानाच करायची, कारण दोष गरम असताना आहे. ज्या नोझलची बाटली इतरांपेक्षा लवकर भरते, तेवढेच खोलावे, आणि सगळ्या बाटल्या सारख्या व थोड्याच भरत असतील, तर पंप आणि रेलवरचा दाबाचा व्हॉल्व्ह तपासायला द्यावा.