जळगावहून विमानाने: मायची तपासणी आणि मायचा फोटो

माझी माय ७१ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे बदललेले, आत धातूचे सांधे. धाकट्या बहिणीला बाळ झालं म्हणून गेल्या महिन्यात तिला पहिल्यांदा विमानाने घेऊन गेले. वयस्कर माणसांना घेऊन निघणाऱ्या खान्देशातल्या लोकांना उपयोग व्हावा म्हणून लिहितेय.

आम्ही पारोळ्याहून गाडीने एरंडोलमार्गे आलो. विमानतळ जळगाव शहराच्या पलीकडे, अजिंठ्याच्या बाजूला कुसुंब्याजवळ आहे, त्यामुळे शहरातून जाण्याचा वेळ हिशोबात धरा. २०१२ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना त्याचं उद्घाटन झालं, पण मधली कितीतरी वर्षं विमानं कधी सुरू, कधी बंद. म्हणून तिकीट काढल्यावरही वेळापत्रक आदल्या दिवशी पुन्हा बघा. इथून उडतं ते पंख्याचं, सत्तरेक माणसांचं छोटं विमान. शिडीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर व्हीलचेअर आणि चढायला मदत तिकीट काढतानाच मागून ठेवा.

सामानाचं आधी सांगते, कारण पहिली अडचण तिथेच आली. बहिणीसाठी मायने ज्वारीचे बिबडे, पापड, घरचा काळा मसाला आणि मसाल्यासाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बांधल्या होत्या. वाट्या काढून ठेवाव्या लागल्या. सुकं खोबरं ना हातातल्या पिशवीत चालत, ना खाली जाणाऱ्या बॅगेत. त्यात तेल भरपूर असतं आणि कोंडून ठेवलं तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. तिखट, मसाला आणि लोणचं हातातल्या पिशवीत नको, खालच्या बॅगेत नीट बांधून द्या. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातच ठेवायची. बिबडे-पापड सुखरूप पोचले.

आता तपासणी. धातू शोधणाऱ्या चौकटीतून माय गेली की ती चौकट वाजणारच, हे मला ठाऊक होतं. तिला नव्हतं, आणि तिला आधी सांगितलं नाही ही माझी चूक. सगळ्यांच्या नजरा वळल्या तशी ती कावरीबावरी झाली. महिला शिपाई पुढे आली, हातातलं यंत्र गुडघ्यापाशी नेलं, ते पुन्हा वाजलं. मायने विचारलं, "तपासा बाई, पन पडदा शे ना तठे?" पडदा होता. बायकांची अंगझडती बाईनेच, आडोशात घ्यायची हा नियमच आहे. त्या शिपाईबाईने मायला हात धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं, काय करणार ते आधी सांगितलं आणि मगच हात लावला. दोन मिनिटांत झालं. बाहेर आल्यावर मायचा चेहरा मोकळा होता. त्या बाईंचे मी मनापासून आभार मानले.

गुडघे, खुबा, पेसमेकर असं काही असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा आणि चौकटीत शिरण्याआधीच सांगा. चिठ्ठीमुळे तपासणी टळत नाही, पण प्रश्न कमी होतात. पेसमेकर असेल तर हाताने तपासा अशी विनंती करता येते. कृत्रिम पाय असणाऱ्यांचा अनुभव वाईट होता. अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये व्हिडिओ करून सांगितलं की दर वेळी पाय काढायला लावतात. तेव्हा विमानतळांची सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफने जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की असा अवयव काढायला लावू नये.

मायची पिशवीही एकदा उघडावी लागली. आत तिची औषधं आणि वयाला लागणाऱ्या वस्तू होत्या. त्या काय, हे मी इथे लिहिणार नाही. मी बाजूला घेऊन उघडा म्हटलं, त्यांनी ऐकलं. हे मागावं लागतं, आपणहून कोणी सुचवत नाही.

तपासणी नको असं माझं अजिबात म्हणणं नाही. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं आपलं विमान अतिरेक्यांनी पळवून कंदाहारला नेलं, ते दिवस मला आठवतात. त्यानंतरच, फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून, विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे द्यायला सुरुवात झाली. माझ्या मायच्या अंगावर शस्त्र नाही याची खात्री करण्याचा हक्क त्यांना आहे. पण ती खात्री झाली की संपलं. अमेरिकेत अंगाचं उघडं चित्र दाखवणारी स्कॅनर यंत्रं लावली होती. लोकांनी ओरड केली, आणि चित्राऐवजी नुसता बाहुलीसारखा आकार दाखवणं ज्या यंत्रांना जमलं नाही, ती २०१३ मध्ये काढून टाकावी लागली. विमानं त्यानंतरही सुरक्षित उडत राहिली.

परतीच्या वेळचं मात्र मनाला लागलं. ते मोठं विमानतळ, नाव मुद्दाम लिहीत नाही. दारापाशी एक गणवेशातला मुलगा हातात टॅबलेट घेऊन उभा होता. "आजी, इकडे बघा" म्हणाला आणि मला काही कळायच्या आत मायचा फोटो निघाला, बोर्डिंग पासही स्कॅन झाला. "डिजियात्रा, लाइन लवकर जाईल." माय जागची हलली नाही. "मना फोटू कसाले काढा रे भाऊ? माले इचारं का?"

त्या मुलाकडे उत्तर नव्हतं. मी ते काढून टाकायला सांगितलं आणि आम्ही साध्या रांगेत जाऊन आधार दाखवून आत गेलो. दहा मिनिटं जास्त लागली.

डिजियात्रा म्हणजे कागद न दाखवता चेहऱ्यावरून ओळख पटवून आत जायची सोय, ती डिसेंबर २०२२ पासून सुरू आहे. आपण आधारवरून नोंदणी करून चेहऱ्याचा फोटो द्यायचा, तो आपल्याच फोनमध्ये राहतो आणि प्रवासाआधी विमानतळाला पाठवायचा. विमान सुटल्यावर २४ तासांत तो पुसला जातो, असं सांगतात. ज्याला सोयीचं वाटतं त्याने जरूर वापरावं, माझा भाऊ वापरतो. पण ते ऐच्छिक आहे. ओळखपत्र दाखवून जायची रांग असतेच, दिसली नाही तर विचारा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलंय. वयस्कर माणूस "बघा" म्हटलं की बघतो, म्हणून सोबतच्यांनी त्या दारापाशी पुढे चालावं. मी मागे बॅगा ओढत होते, तिथेच चुकलं.

आणखी एक, विशेषतः पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी. बोर्डिंग पासचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवू नका. त्यावरचा पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर कुणीही तुमचं बुकिंग उघडून बघू शकतं. माझ्या भाच्याने ठेवला होता, मी काढायला लावला. प्रवास झाल्यावरही तो कागद विमानतळावर टाकून येऊ नका, घरी आणून फाडा.

मायला विमान कसं वाटलं असं आता गल्लीत सगळे विचारतात. ती ढगांचं सांगते, नातवाचं सांगते, आणि मग पडद्याआड आधी विचारून हात लावणाऱ्या त्या शिपाईबाईचं सांगते.