बावन्न रविवारांचा आराखडा

सोमवार, ऑक्टोबरअखेर

रविवारची धावपळ उरकली की सोमवारी दुपारी टेबलावर जरा निवांत बसता येतं. आजचं काम ठरलेलं आहे, पुढच्या उपासना-वर्षाचा तक्ता. जगाचं वर्ष जानेवारीत उजाडतं, ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे चर्चचं, त्याआधी महिनाभर. ३० नोव्हेंबर हा येशूचा शिष्य अंद्रिया याचा दिवस, आणि त्याला सगळ्यांत जवळचा रविवार तो आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या चार रविवारांतला, पहिला. म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मधे कधीतरी. २०२६ साली तो २९ नोव्हेंबरला पडतो. हा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा स्थापनादिनही आहे. १९७० साली नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या, आणि तेव्हाही तो आगमनकाळाचा पहिलाच रविवार होता. त्यामुळे त्या दिवशी एकीवर बोलायचा मोह होणार. पण एकीची उपकारस्तुती प्रार्थनेत घ्यावी आणि उपदेश नेमलेल्या पाठावरच ठेवावा. एका संदेशात दोन विषय कोंबले की दोन्ही अर्धवट राहतात.

पाठ कोणता, हे काढायची रीत सोपी आहे. रिवाइज्ड कॉमन लेक्शनरी, म्हणजे कोणत्या रविवारी बायबलचा कोणता भाग वाचायचा त्याची सूची, १९९२ साली आली, तिचं चक्र तीन वर्षांचं. आगमनकाळानंतर जे साल येतं त्याला तीनने भागायचं. बाकी एक उरली तर मत्तयाचं शुभवर्तमान, दोन उरली तर मार्क, काहीच उरली नाही तर लूक. २०२७ ला दोन उरतात, म्हणून मार्क. योहानाला स्वतःचं वर्ष नाही. तो ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि ईस्टरनंतर येतो, आणि मार्काच्या वर्षी भर पावसाळ्यातही. मार्काचे अध्याय सोळाच, ते वर्षभर पुरत नाहीत.

आमच्याकडे काही पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, ही सूची पाळतात, काही डायोसिसच्या (धर्मप्रांताच्या) पत्रकावर चालतात, आणि बरेच जण शनिवारी रात्री मनात येईल ते वचन घेतात. या तिसऱ्या पद्धतीचा दोष लगेच दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी जुन्या वह्या चाळल्या की कळतं, उधळ्या पुत्र चार वेळा येऊन गेला आणि आमोस संदेष्टा एकदाही नाही. नेमलेला पाठ उपदेशकाला त्याच्या आवडीच्या वचनांतून ओढून बाहेर काढतो. सूचीचा खरा उपयोग एवढाच, पण तो मोठा आहे.

आगमनकाळाचा पहिला पाठ मार्क १३. सूर्य अंधारेल, तारे पडतील. लोकांच्या डोक्यात मात्र करंज्या आणि कॅरल पार्टीची यादी. इथे उपदेशकाच्या हातून दोन चुका होतात. एक तर तो पाठ बाजूला ठेवून सरळ गव्हाणीपाशी जातो. नाहीतर टीव्हीवरच्या युद्धाच्या बातम्या घेऊन शेवट कधी येणार ते सांगायला लागतो. त्याच अध्यायाचं बत्तिसावं वचन सांगतं की तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. उपदेश त्या वचनापासून सुरू केला तर दुसरी चूक होतच नाही.

मेणबत्त्यांचं आत्ताच लिहून ठेवतो, नंतर राहून जातं. चार रविवारांच्या चार, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, मधे नाताळची पांढरी. पहिली मेणबत्ती चार रविवार जळते आणि चौथी एकच, म्हणून पहिली जाड आणि उंच घ्यायची. मेणबत्त्यांच्या कड्याला अशोकाची पानं बांधली तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती कुरकुरीत वाळतात आणि ज्योत खाली आलेली असते, म्हणून दर शनिवारी पानं बदलायची. खाली पितळी ताट. वरचा पंखा बंद.

नाताळला बारा मिनिटं पुरेत. वर्षातून एकदाच येणारे त्या दिवशी आलेले असतात, शेजारपाजारचे हिंदू-मुसलमान स्नेहीही असतात. वर्षभर कुठे होतात, असं व्यासपीठावरून विचारणं ही मराठी पाळकांची जुनी खोड आहे. ज्याला विचारायचं तो पुढच्या नाताळलाही येत नाही, आणि दर रविवारी येणारा उगाच बोलणी खातो. रात्रीच्या कार्यक्रमात कीर्तन ठेवता आलं तर उत्तम. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि पूर्वरंग-उत्तररंगाच्या चौकटीत लूक २ फार चांगला बसतो. नारायण वामन टिळकांचे अभंग तर आहेतच. मात्र पेटी-तबलेवाले आधी सांगून ठेवावे लागतात, डिसेंबरात त्यांनाही चार ठिकाणची बोलावणी असतात.

मंगळवार

आज ईस्टरकडचा भाग. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार ईस्टर. त्यामुळे तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यात फिरते. आपल्या पंचांगात बघायचं तर ती पौर्णिमा बहुतेक वर्षी होळीची किंवा चैत्राची असते. २०२६ ला चैत्री होती, हनुमान जयंतीनंतर तिसऱ्या दिवशी ईस्टर आला. २०२७ ला होळीची आहे, म्हणून ईस्टर २८ मार्चला, आणि तिथून मागे मोजत राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला. उपवासकाळाचे दिवस चाळीस म्हणतात, प्रत्यक्षात सेहेचाळीस होतात. रविवार उपवासात धरत नाहीत, आणि ते सहा.

त्या बुधवारी कपाळावर लावायच्या राखेबद्दल. अमेरिकन मराठी मिशनच्या नगर-सोलापूरकडच्या जुन्या मंडळ्या काँग्रिगेशनल, म्हणजे साध्या उपासनेच्या, वळणाच्या. राख, रंगीत वस्त्रं, आगमनकाळाच्या मेणबत्त्या हे त्यांच्याकडे उशिरा आलं आणि अजून सगळीकडे आलेलं नाही. जिथे करतात तिथे निदान नीट करावं. गेल्या झावळ्यांच्या रविवारची (ईस्टरआधीचा रविवार) पानं जपून ठेवायची, शिंदीची असोत वा नारळाची. बुधवारच्या दोन-तीन दिवस आधी उघड्यावर घमेल्यात जाळायची, पूर्ण गार झाली की मलमलच्या कापडातून गाळायची. दोन मुठी राख मोठ्या मंडळीला पुरते. ओली करायची ती खोबरेल तेलाच्या चार थेंबांनी. पाण्याने कधीच नाही. राखेत पाणी मिसळलं की क्षार सुटतो आणि कपाळाची कातडी भाजते, लहान मुलांची आधी.

त्या दिवशीचा पाठ मत्तय ६ आहे, आणि तो आपल्यावरच उलटतो. उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना दिसू देऊ नको, असं सांगणारं वचन वाचायचं आणि लगेच कपाळावर सगळ्यांना दिसेल अशी खूण करायची. हा विरोध उपदेशात उघड मांडावा. गप्प राहिलं तर समोरचा तरुण संघ तो बरोबर पकडतो.

गुड फ्रायडेला मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं. बारा ते तीन, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते. एकशेऐंशी मिनिटं. पाच मिनिटं सुरुवातीची काढली तर प्रत्येकाला पंचवीस. बारा पाच, साडेबारा, बारा पंचावन्न, एक वीस, पावणेदोन, दोन दहा, दोन पस्तीस. पंचविसात गीताला पाच, शास्त्रपाठाला दोन, उपदेशाला बारा, प्रार्थनेला तीन, आणि उरलेली तीन मिनिटं शांतता. शांतता सगळ्यांत आधी कापली जाते, म्हणून ती कार्यक्रमपत्रिकेवर छापायची. या वेळा प्रत्येक वक्त्याला चिठ्ठीवर लिहून आठवडाभर आधी द्यायच्या, फोनवर तोंडी नाही.

दरवर्षी गाडी अडते ती पहिल्याच उद्गारापाशी. क्षमेचा उद्गार लूक २३:३४, चोराला दिलेलं वचन २३:४३. दोन्ही एकाच अध्यायात, नऊ वचनांच्या अंतराने. पहिला वक्ता भरात येऊन चोरापर्यंत जातो, दुसऱ्याच्या हाती काही उरत नाही, मग दुसरा मरियेकडे सरकतो. आणि पहिल्याने चाळीस मिनिटं घेतली तर सातवा उद्गार तीन वाजून गेल्यावर, लोक चपला शोधत असताना होतो. म्हणून चिठ्ठीवर वेळेबरोबर फक्त आपलं वचन आणि एक सूचना: पुढच्याच्या पाठात शिरू नये.

कोणाला कोणता द्यायचा, यातही विचार लागतो. तिसरा, आई आणि शिष्य, महिला मंडळातल्या कुणाला. चौथा सगळ्यांत अवघड. माझ्या देवा, तू मला का सोडलंस, हा स्तोत्र २२ चा आरंभ आहे, आणि नवशिका उपदेशक घाईघाईने त्याच स्तोत्राच्या शेवटच्या स्तुतीकडे पळतो, कारण तो प्रश्न तसाच उघडा सोडायचं धाडस होत नाही. तो अनुभवी माणसाला द्यावा, ज्याने बऱ्याच घरांतून प्रेतं उचलताना पाहिली आहेत. लांबण लावणाऱ्या वडीलधाऱ्यांना पाचवा, मला तहान लागली आहे. दुपारचे पावणेदोन, मार्चचं ऊन, लोकांचे घसे कोरडे. तिथे कोणी फार वेळ बोलू शकत नाही. हे थोडं लबाडीचं आहे, पण चालतं.

आणखी एक गोष्ट त्या दिवसाचीच. योहान १८ आणि १९ वाचताना यहूदी हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि त्यावर चढ्या आवाजात बोलणारे वक्ते असतात. येशू यहूदी, मरिया यहूदी, पेत्र यहूदी. वधस्तंभाची शिक्षा रोमी सुभेदाराची. शिवाय अलिबाग-पेणपासून मुंबईपर्यंत मराठी बोलणारे बेने इस्राएल यहूदी पिढ्यानपिढ्या आपल्या शेजारचे. उपदेशात यरुशलेमेचे पुढारी असं नेमकं म्हणावं, म्हणजे सगळ्या समाजावर बोट जात नाही. वक्त्यांच्या चिठ्ठीवर हीही ओळ हवी.

ईस्टरच्या पहाटे बऱ्याच ठिकाणी कबरस्तानात उपासना होते. मार्चअखेर नगरला सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, म्हणून पावणेसहाला जमायचं. मेणबत्त्यांना पुठ्ठ्याच्या चकत्या लावायच्या, नाहीतर मेण हातावर येतं. मार्काचा पाठ घेतला तर तो १६:८ ला थांबतो. कबर रिकामी पाहून बाया घाबरून पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत. कबरींमधे उभं राहून हा पाठ वाचला की त्यावर फार बोलावं लागत नाही. सात मिनिटं बोलावं आणि गीत घ्यावं.

नगर आणि मराठवाड्यातल्या खेड्यांचा प्रश्न वेगळा आहे. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं दिवाळीनंतर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात परततात. म्हणजे आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, सगळं त्यांच्याविना, आणि मार्चात पडलेला ईस्टरही. पण ईस्टर हा एका दिवसाचा सण नाही, पन्नास दिवसांचा आहे, १६ मेच्या पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत. परतलेल्या कुटुंबांच्या मुलांचे बाप्तिस्मे एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ठेवून पुनरुत्थानाचा पाठ पुन्हा घेता येतो. तेव्हा वेदीवर पांढरं वस्त्र असतंच. खेड्यातल्या मंडळीला तोच ईस्टर.

बुधवार

आता खरं काम. २३ मेच्या, पेंटेकॉस्टनंतरच्या त्रैक्य रविवारपासून २१ नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत सत्तावीस रविवार. बावन्नातले निम्म्याहून जास्त, आणि यांत मोठा सण नाही. पेरणी, पाऊस, शाळेच्या फिया, काढणी. ईस्टरला साधा उपदेशही चालून जातो, कारण लोक सण मनात घेऊनच आलेले असतात. जुलैतल्या ओल्या रविवारी, निम्मे बाक रिकामे असताना, पत्र्यावर पाऊस वाजत असताना काय बोललं, त्यावर पाळक कळतो.

मार्काच्या वर्षी याच दिवसांत योहान ६ सलग पाच रविवार येतो: २५ जुलै, मग ऑगस्टचे १, ८, १५ आणि २२. विषय एकच, भाकर. तयारीशिवाय उभं राहिलं तर दुसऱ्या रविवारीच सांगायचं संपतं आणि उरलेले तीन आठवडे तेच दळण. म्हणून पाचही आत्ताच वेगळे करून ठेवतो.

पहिल्या रविवारी फक्त भूक. जवाच्या पाच भाकरी, जव म्हणजे गरिबाचं धान्य, आणि ज्याचं नावही दिलेलं नाही असा एक मुलगा. त्या दिवशी जीवनाची भाकर हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, ते पुढच्या आठवड्याचे. दुसऱ्या रविवारी मान्ना, म्हणजे अरण्यात इस्राएलांना आकाशातून मिळालेलं अन्न, सोबत निर्गम १६, साठवला की किडे पडतात. पावसाळ्यात डाळीच्या डब्यात काय होतं ते घरातल्या बायकांना सांगावं लागत नाही. तिसऱ्यात कुरकूर: हा योसेफाचा मुलगा, याचे आईबाप आपल्याला माहीत आहेत. स्वतःच्या गावात प्रतिष्ठा न मिळालेल्यांनी मंडळी भरलेली आहे, हा पाठ त्यांचा. चौथा १५ ऑगस्टला येतो, आणि तो मांस आणि रक्ताचा, सगळ्यांत खडतर. झेंडावंदन उपासनेआधी आवारात उरकावं, देशासाठी प्रार्थना इतरांसाठीच्या मध्यस्थीत घ्यावी, आणि प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, त्याच दिवशी ठेवावं, म्हणजे पाठ मेजापाशी आपोआप उलगडतो. पाचव्या रविवारी पुष्कळ शिष्य सोडून जातात. हा पाठ गळती लागलेल्या मंडळीत बोलताना सोडून गेलेल्यांना टोमणा मारू नये. तुम्हीही जाणार का, हा प्रश्न राहिलेल्यांना विचारलेला आहे.

पिकाच्या उपकारस्तुतीचा सण बाजरी घरात आल्यावर. उपदेश दहा मिनिटांचा, कारण त्यानंतर कोंबड्या, अंडी, केळीचे घड आणि धान्याच्या पाट्यांचा लिलाव, आणि तो लांबतोच.

बदलीचा विचार करूनच हे सगळं वहीत ठेवायचं. उन्हाळ्यात बदली झाली तर नव्या मंडळीतले पहिले उपदेश याच हिरव्या वस्त्राच्या रविवारांत करावे लागतात, सणाचा आधार नसताना. तीन वर्षांचं चक्र एका ठिकाणी पुरं झालेलं असेल तर जुनी टिपणं नव्या ठिकाणी चालतात, पण उदाहरणं आधी खोडावीत. नगर, नाशिक, पुणे, सोलापूर, सगळीकडची ख्रिस्ती घरं एकमेकांची सोयरी आहेत. आधीच्या गावातल्या ज्या माणसाचं नाव न घेता उदाहरण दिलं, त्याची आत्या नव्या गावात तिसऱ्या बाकावर बसलेली असते.

वहीचे रकाने: तारीख, वार किंवा सण, पाठ, एका ओळीत मुद्दा, किती मिनिटं, हजेरी, प्रभुभोजन झालं की नाही. शेवटचा रकाना रिकामा, पुढच्या पाळकासाठी. गुड फ्रायडेच्या सात चिठ्ठ्यांची नक्कल वहीच्या मागच्या पानाला टाचून ठेवायची. शास्त्रपाठ वाचणाऱ्यांची पहिली यादी, आगमनकाळ ते प्रकटीकरणाचा सण (६ जानेवारी), या रविवारी फळ्यावर लावायची आहे. मार्क १३ चा पाठ मोठ्या आवाजाच्या माणसाला.